१५० मिलिमीटरच्या दुर्बिणीतून आकाशाचा नेमका किती भाग दिसतो? आयपीस आणि कॅमेऱ्याच्या दृष्टिक्षेत्राचा हिशेब

विज्ञान शिक्षिका, कोल्हापूर

सर्वांना नमस्कार. आमच्या शाळेला एका माजी विद्यार्थ्याने हाताने फिरवायच्या डॉब्सोनियन बैठकीची परावर्तक दुर्बीण भेट दिली आहे. तिच्या मुख्य आरशाचा व्यास १५० मिलिमीटर आणि नाभीय अंतर १२०० मिलिमीटर असून सोबत २५ आणि १० मिलिमीटरचे प्लॉसल प्रकारचे दोन आयपीस (डोळ्याजवळची भिंगे) मिळाले आहेत. आयपीस बसवण्याची नळी सव्वा इंचाची आहे. दुर्बिणीच्या नाभीय अंतराला आयपीसच्या नाभीय अंतराने भागले की विशालन मिळते, हे भिंगांचा धडा शिकवताना मी मुलांना सांगतच असते, त्यामुळे अनुक्रमे ४८ पट आणि १२० पट हे आकडे हाताशी आहेत. मात्र एखादी गोष्ट किती पट मोठी दिसेल हे समजले, तरी ती दृष्टिक्षेत्रात पूर्ण मावेल की तिचा तुकडाच दिसेल, हे त्या आकड्यांवरून उमगत नाही.

फेब्रुवारीत आठवी आणि नववीच्या मुलांसाठी शहराबाहेर, पन्हाळ्याच्या वाटेवरील एका मोकळ्या माळावर आकाशदर्शन ठेवण्याचा विचार आहे. चंद्र, गुरू, कृत्तिका, मृगातील तेजोमेघ आणि जमल्यास मावळतीकडे झुकलेली देवयानी दीर्घिका, असा क्रम मनात आहे. कोणत्या वेळी कोणता आयपीस लावायचा याचा तक्ता आधीच तयार असावा, अशी माझी इच्छा आहे, कारण रांगेत मुले उभी असताना अंधारात प्रयोग करत बसणे योग्य नाही.

माझे प्रश्न असे आहेत. आयपीसच्या खोक्यावर ५२ अंश असे छापलेले आहे. त्याला विशालनाने भागून २५ मिलिमीटरसाठी १.०८ अंश आणि १० मिलिमीटरसाठी ०.४३ अंश आले, तर या उत्तरांवर कितपत विसंबावे? आणखी एक आयपीस घेण्याइतके पैसे जमले आहेत आणि दुकानात ४ मिलिमीटरचा, ३०० पट विशालन देणारा आयपीस सुचवण्यात आला. तो घ्यावा का? शिवाय आमच्या चित्रकलेच्या सरांकडे २४ मेगापिक्सेलचा डीएसएलआर कॅमेरा आहे, ज्याचा सेन्सर २३.५ × १५.६ मिलिमीटरचा आहे. तो दुर्बिणीला जोडला, तर कृत्तिका आणि देवयानी दीर्घिका एका चौकटीत येतील का?

पन्हाळा नभोनिरीक्षक

मॅडम, मूळ अडचण आपण अचूक पकडली आहे. विशालनाचा आकडा आधी आणि दृष्टिक्षेत्र नंतर, अशा क्रमाने विचार केल्यामुळेच दुर्बीण घेणाऱ्या पुष्कळ लोकांची पहिल्या वर्षातच निराशा होते. माझी विनंती अशी आहे की विशालन थोडा वेळ पूर्ण बाजूला ठेवावे आणि दुर्बिणीच्या नाभीप्रतलात, म्हणजे आरशाने तयार केलेली प्रतिमा जिथे उमटते त्या पातळीवर, आकाशातील एक अंश किती मिलिमीटर रुंद होतो एवढेच आधी काढावे. वर्तुळाच्या त्रिज्येइतका कंस केंद्राशी ५७.३ अंशांचा कोन करतो, हे आपण जाणताच. इथे त्रिज्येच्या जागी नाभीय अंतर घेतले, तर १२०० भागिले ५७.३ म्हणजे २०.९, म्हणजेच आपल्या दुर्बिणीत आकाशातील १ अंश सुमारे २१ मिलिमीटरचा होतो. हा एक आकडा दुर्बिणीच्या नळीवर बाहेरून चिकटवून ठेवावा इतका उपयोगाचा आहे, कारण आपल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्याच्यातूनच निघतात.

चंद्राचे बिंब अर्ध्या अंशाच्या आसपास असते, म्हणजे त्याची प्रतिमा साधारण ११ मिलिमीटरची होईल. मृगातील तेजोमेघाचा विस्तार छायाचित्रांत ६५ कलांपर्यंत (६० कला म्हणजे १ अंश) जातो, तो २३ मिलिमीटर झाला. डोळ्यांना त्याचा मधला तेजस्वी भागच दिसत असल्यामुळे प्रत्यक्षात त्याला एवढी जागा लागत नाही. कृत्तिकांचा संपूर्ण गुच्छ ११० कलांचा धरला जातो, त्याची प्रतिमा ३८ मिलिमीटरची होते. देवयानी दीर्घिकेची लांबी ३ अंशांहून जास्त आहे, म्हणजे ६३ मिलिमीटर. आता आपल्या आयपीसच्या नळीचा बाहेरचा व्यास ३१.७५ मिलिमीटर आहे. आतून वापरता येणारी जागा २७ मिलिमीटरच्या आसपासच उरते, म्हणून सव्वा इंचाच्या नळीत जगातला कोणताही आयपीस बसवला, तरी या दुर्बिणीतून साधारण १.३ अंशांपेक्षा रुंद आकाश दिसणार नाही. संपूर्ण देवयानी दीर्घिका तर नाहीच, संपूर्ण कृत्तिकाही नाहीत. दुर्बीण सदोष आहे असा याचा अर्थ मुळीच नाही. लांब नाभीय अंतराच्या दुर्बिणीची ही मर्यादा आहे आणि तिच्याच बदल्यात ग्रह आणि जोडतारे सुबक दिसतात.

खोक्यावरच्या ५२ अंशांबद्दल. त्याला आभासी दृष्टिक्षेत्र म्हणतात, म्हणजे आयपीसला डोळा लावल्यावर जे प्रकाशमान वर्तुळ दिसते ते आपल्या डोळ्याशी किती अंशांचा कोन करते ते माप. विशालनाने भागण्याची रीत उपयोगी आहे, पण ती अंदाजाचीच आहे. एक तर उत्पादक हा आकडा बरेचदा पूर्णांकात आणि थोडा सढळ हाताने छापतात. दुसरे म्हणजे आयपीसमध्ये कडेकडे जाताना प्रतिमा किंचित ताणली जाते, त्यामुळे साधा भागाकार खऱ्या उत्तरापासून काही टक्के दूर जातो, आणि रुंद क्षेत्राच्या आयपीसमध्ये हा फरक वाढतो. अधिक विश्वसनीय रीत अशी आहे. आयपीस काढून खालच्या बाजूने आत पाहिले की एक काळी कडी दिसते, जिच्या काठामुळे दृष्टिक्षेत्राची कड इतकी रेखीव दिसते. तिला फील्ड स्टॉप म्हणतात. प्लॉसल आयपीसमध्ये ती भिंगांच्या खाली असल्यामुळे मोजता येते. शाळेच्या प्रयोगशाळेत व्हर्नियर कॅलिपर असेलच, मात्र धातूची टोके भिंगाला लागू नयेत म्हणून कडीच्या मापाची कागदाची पट्टी कापून ती पट्टी मोजणे मी पसंत करतो. कडीचा आतला व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन त्याला २०.९ ने भागले की प्रत्यक्ष दृष्टिक्षेत्र अंशांत मिळते. नाभीप्रतलातल्या प्रतिमेचा जेवढा भाग या कडीतून आत येतो तेवढाच आपण पाहतो, आणि पुढची भिंगे तो फक्त मोठा करून दाखवतात.

कडी मोजायची नसेल, तर आकाशालाच मोजपट्टी करावे. पृथ्वीच्या परिवलनामुळे खगोलीय विषुववृत्ताजवळचा (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात मानलेल्या वर्तुळाजवळचा) तारा दर मिनिटाला १५ कला सरकतो. मृगातील त्रिकांडाचा, म्हणजे एका ओळीतल्या तीन ताऱ्यांपैकी, सर्वांत पश्चिमेकडचा तारा मिंटाका विषुववृत्तापासून अंशाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाही दूर नाही, आणि तो नुसत्या डोळ्यांनी सहज ओळखता येतो. तो दृष्टिक्षेत्राच्या एका कडेला आत शिरल्यापासून दुसऱ्या कडेला दिसेनासा होईपर्यंतचा वेळ सेकंदात मोजावा, त्याला १५ ने गुणावे, म्हणजे दृष्टिक्षेत्र विकलांमध्ये मिळेल. ६० ने भागले की कला. तारा वर्तुळाच्या बरोबर मध्यातून गेला पाहिजे, कारण बाजूने गेला तर व्यासाऐवजी जीवा मोजली जाते आणि उत्तर लहान येते. म्हणून तीन-चार वेळा मोजून सर्वांत मोठा वेळ घ्यावा. दुसरा कोणताही तारा निवडल्यास त्याच्या क्रांतीच्या, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनच्या कोनीय अंतराच्या, कोज्येने (कोसाइनने) पुन्हा गुणावे लागते. दुर्बीण न हलवता, निव्वळ एका घड्याळाच्या आधारे मुले हे मोजू शकतात आणि पृथ्वी फिरते आहे हे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

रांगेच्या दृष्टीनेही हाच वेळ महत्त्वाचा आहे. डॉब्सोनियन बैठक आपोआप ताऱ्यामागे फिरत नाही. २५ मिलिमीटरच्या आयपीसमध्ये वस्तू कडेला आणून ठेवली, तर ती साधारण चार मिनिटे दिसत राहते, म्हणजे प्रत्येकी २० सेकंद धरले तर बारा मुले पाहून होईपर्यंत आपल्याला हात लावावा लागत नाही. १० मिलिमीटरमध्ये हाच काळ दीड मिनिटाच्या आसपास येतो. दुकानात सुचवलेल्या ४ मिलिमीटरमध्ये दृष्टिक्षेत्र १० कलांचेच उरते, वस्तू चाळीस सेकंदांत या कडेपासून त्या कडेला जाते, आणि मूल डोळा टेकवून नजर स्थिर करते तोवर गुरू निघून गेलेला असतो. शिवाय ३०० पट ही १५० मिलिमीटर व्यासासाठी अगदी टोकाची मर्यादा आहे. वातावरण विलक्षण स्थिर असलेल्या रात्री सोडल्या, तर प्रतिमा अंधुक आणि थरथरती दिसेल. तो आयपीस घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याऐवजी ३२ मिलिमीटरचा प्लॉसल घ्यावा. सव्वा इंचाच्या नळीत शक्य असलेले जवळपास सर्वांत रुंद आकाश, म्हणजे सुमारे १.३ अंश, त्यातून दिसेल, चष्मा लावलेल्या मुलांनाही डोळा अगदी टेकवावा लागणार नाही, आणि तो स्वस्तही आहे. ४० मिलिमीटरचा मात्र घेऊ नये. आत येणारी जागा तीच २७ मिलिमीटरची असल्यामुळे त्यातून आकाश तेवढेच दिसते, फक्त लहान होऊन.

आपल्या तक्त्याबद्दल दोन शब्द. गुरूसाठी १० मिलिमीटरचा आयपीस निःशंकपणे लावावा. कॅलिस्टो हा चार मोठ्या उपग्रहांतील सर्वांत बाहेरचा उपग्रह गुरूपासून जास्तीत जास्त १० कलांच्या आसपास दूर जातो, म्हणजे दोन्ही बाजू धरून २० कला, आणि १० मिलिमीटरचे क्षेत्र २४ ते २६ कलांचे असल्याने चारही उपग्रह एकत्र मावतात. कृत्तिकांमधील डोळ्यांना दिसणारे प्रमुख तारे मात्र एका अंशात बसलेले आहेत, त्यामुळे संपूर्ण गुच्छ आला नाही तरी मुलांना ओळखू येणारी आकृती २५ मिलिमीटरमध्ये जेमतेम आणि ३२ मिलिमीटरमध्ये मोकळेपणाने येईल. कोल्हापूरचा अक्षांश १६.७ अंश आणि कृत्तिकांची क्रांती २४ अंश असल्याने मध्यमंडळावर, म्हणजे आकाशातील उत्तर-दक्षिण रेषेवर, त्या जवळजवळ डोक्यावर येतात, आणि डॉब्सोनियन दुर्बीण नेमकी तिथेच वळवायला अवघड जाते. त्या पश्चिमेकडे कलल्यावरच दाखवाव्यात.

गगनबावडा वाटेवरचा

नाभीप्रतलाच्या मिलिमीटरमधून विचार करण्याची वरील पद्धत फार चांगली आहे आणि ४ मिलिमीटरबद्दलचे मत मला पूर्ण मान्य आहे. ३२ मिलिमीटरच्या निवडीबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. आभासी क्षेत्र ६८ अंश असलेला २४ मिलिमीटरचा आयपीस सव्वा इंचाच्या नळीतही मिळतो आणि त्याची कडीसुद्धा २७ मिलिमीटरच्या आसपासच असते. म्हणजे तो अगदी तेवढेच १.३ अंश आकाश दाखवतो, पण ३७.५ ऐवजी ५० पट विशालनाने.

याने काय साधते? आयपीसमधून बाहेर पडणाऱ्या प्रकाशशलाकेचा व्यास आयपीसच्या नाभीय अंतराला दुर्बिणीच्या नाभीय गुणोत्तराने भागून मिळतो. ही दुर्बीण एफ ८ आहे, म्हणजे नाभीय अंतर आरशाच्या व्यासाच्या ८ पट आहे, म्हणून ३२ मिलिमीटरला ४ मिलिमीटर आणि २४ मिलिमीटरला ३ मिलिमीटर. आकाशाच्या पार्श्वभूमीची उजळता या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे ३२ मिलिमीटरमध्ये पार्श्वभूमी जवळपास पावणेदोन पट उजळ दिसेल. तेजोमेघ आणि दीर्घिका यांचा पृष्ठभागही त्याच प्रमाणात मंद होत असल्याने त्यांना या हिशेबाचा थेट लाभ नाही, परंतु तारे बिंदुरूप असल्यामुळे ते मंद होत नाहीत आणि तारकागुच्छ काळ्या पार्श्वभूमीवर उठून दिसतात. पन्हाळ्याच्या वाटेवर शहराच्या दिव्यांचा उजेड आग्नेयेकडून येतोच, आणि फेब्रुवारीत उसाची तोड चालू असताना शेतांत पाचट पेटवतात, गुऱ्हाळांचा धूरही असतो, त्यामुळे क्षितिजाजवळचे आकाश राखाडी होते. अशा ठिकाणी ३ मिलिमीटरची शलाका अधिक समाधान देते. किमतीत फरक पडतो, हे खरे आहे.

पन्हाळा नभोनिरीक्षक

भौतिकशास्त्र निर्विवाद आहे आणि एकट्या निरीक्षकाला मीही २४ मिलिमीटरचाच सल्ला दिला असता. शाळेच्या बाबतीत माझा आग्रह एवढ्यासाठीच आहे की रुंद क्षेत्राच्या स्वस्त आयपीसमध्ये डोळा किंचित इकडेतिकडे झाला की चित्राचा काही भाग काळा पडतो, आणि प्रथमच दुर्बिणीला डोळा लावणारी मुले "काहीच दिसत नाही" म्हणून बाजूला होतात. शक्य असल्यास विकत घेण्यापूर्वी एखाद्या हौशी निरीक्षकाचा आयपीस आपल्याच दुर्बिणीत लावून, चष्मा असलेल्या एका मुलाला पाहायला सांगावे.

विज्ञान शिक्षिका, कोल्हापूर

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री आकाश निरभ्र असल्यामुळे घराच्या गच्चीवरून मिंटाकाचा वेळ मोजला. २५ मिलिमीटरच्या आयपीसमध्ये सर्वांत मोठा वेळ २४५ सेकंद आला. १५ ने गुणले तर ३६७५ विकला, म्हणजे ६१ कलांपेक्षा थोडे जास्त. १० मिलिमीटरमध्ये ९७ सेकंद, म्हणजे २४ कला. आज प्रयोगशाळेत कागदाची पट्टी वापरून २५ मिलिमीटरच्या आयपीसची कडी मोजली, ती २१.४ मिलिमीटर भरली, आणि २०.९ ने भागल्यावर १.०२ अंश आले. आकाशातून मिळालेले उत्तर आणि कागदाच्या पट्टीवरून मिळालेले उत्तर इतके जुळलेले पाहून फार आनंद झाला. खोक्यावरच्या ५२ अंशांवरून आलेले १.०८ हे उत्तर सहा टक्क्यांनी जास्त होते, हेही यातून लक्षात आले. हा प्रयोग मी आता नववीच्या मुलांकडून करून घेणार आहे. आयपीसबद्दल आधी दुसऱ्याचा लावून पाहण्याची सूचना पटली.

कॅमेऱ्याचा प्रश्न अजून शिल्लक आहे. चित्रकलेचे सर उत्सुक आहेत.

राजारामपुरी छायाचित्रण

नमस्कार, ताई. कॅमेऱ्याचा हिशेब आयपीसपेक्षाही सरळ आहे, कारण इथे आभासी क्षेत्र वगैरे काही मध्ये येत नाही. कॅमेऱ्याचे भिंग काढून नुसती बॉडी दुर्बिणीला जोडली की सेन्सर थेट नाभीप्रतलात बसतो, म्हणजे फील्ड स्टॉपच्या जागी सेन्सरची लांबी आणि रुंदी घ्यायची. २३.५ भागिले २०.९ म्हणजे १.१२ अंश आणि १५.६ भागिले २०.९ म्हणजे ०.७५ अंश, अशी आयताकृती चौकट आपल्याला मिळेल. चंद्राची ११ मिलिमीटरची प्रतिमा तिच्यात दोन्ही बाजूंनी मोकळी जागा ठेवून बसते. कृत्तिका आणि देवयानी दीर्घिका बसत नाहीत, आणि कॅमेरा कितीही चांगला असला तरी या दुर्बिणीवर बसणार नाहीत.

कॅमेरा जोडण्याआधी एक गोष्ट अवश्य पाहावी. डोळ्यांनी पाहण्यासाठी बनवलेल्या अनेक परावर्तक दुर्बिणींत नाभीप्रतल आयपीसच्या नळीच्या तोंडाच्या इतके जवळ असते की कॅमेऱ्याचा सेन्सर तिथवर पोहोचतच नाही. फोकसची नळी पूर्ण आत नेली तरी चंद्र अस्पष्टच राहतो. दोन पटींचे बार्लो भिंग मध्ये घातल्यास फोकस साधतो, परंतु बार्लोमुळे नाभीय अंतर २४०० मिलिमीटर झाल्यासारखे होते, १ अंशाची प्रतिमा ४२ मिलिमीटरची होते आणि चौकट ०.५६ × ०.३७ अंशांवर येते. आता चंद्राची प्रतिमा २२ मिलिमीटरची आणि सेन्सरची रुंदी १५.६ मिलिमीटर, म्हणजे पूर्ण चंद्र एका चित्रात येणार नाही. दोन किंवा तीन चित्रे, प्रत्येकात शेजारच्या चित्राचा पाव भाग येईल अशा बेताने घेऊन नंतर संगणकावर जोडावी लागतील. बार्लो आणि सेन्सर यांमधले अंतर वाढले की त्याची पटही दोनपेक्षा वाढते, त्यामुळे प्रत्यक्षातली चौकट हिशेबापेक्षा आणखी लहान निघण्याची शक्यता गृहीत धरावी.

दृष्टिक्षेत्रासोबत एका पिक्सेलवर किती विकला पडतात, हेही काढायला हवे, कारण चित्र किती काळ उघडे ठेवता येईल ते त्यावर ठरते. पिक्सेलचा आकार मायक्रोनमध्ये घेऊन २०६ ने गुणावे आणि नाभीय अंतराने भागावे. आपल्या सरांच्या कॅमेऱ्यात २३.५ मिलिमीटरमध्ये ६००० पिक्सेल धरले, तर एक पिक्सेल ३.९ मायक्रोनचा आणि उत्तर ०.६७ विकला येते. तारा सेकंदाला १५ विकला सरकतो, म्हणजे एका सेकंदात २२ पिक्सेल ओलांडतो. चंद्राला सेकंदाचा शंभरावा भाग किंवा त्याहून कमी वेळ पुरतो, म्हणून तो डॉब्सोनियनवरून उत्तम टिपता येतो. तेजोमेघाला कित्येक सेकंद लागतात, आणि तोवर प्रत्येक ताऱ्याची रेघ झालेली असते. म्हणून देवयानी आणि कृत्तिकांसाठी दुर्बीण बाजूला ठेवावी असे मी आवर्जून सांगेन.

सरांकडे २०० मिलिमीटरपर्यंत जाणारे टेलिफोटो भिंग असेल, तर तेच त्या दोघांसाठी योग्य साधन आहे. २०० भागिले ५७.३ म्हणजे १ अंशाला ३.५ मिलिमीटर, देवयानी दीर्घिकेची प्रतिमा साडेदहा मिलिमीटरच्या आसपास, कृत्तिकांची साडेसहा मिलिमीटर, आणि चौकट ६.७ × ४.५ अंशांची. दोन्ही भोवती मोकळे आकाश ठेवून सुंदर बसतात. तिवईवर, कोणत्याही फिरत्या बैठकीशिवाय, एका पिक्सेलवर ४ विकला पडतात आणि देवयानीच्या क्रांतीवर तारे सेकंदाला ११ विकलाच सरकत असल्याने एका सेकंदाच्या चित्रात ते तीन पिक्सेलांपेक्षा कमी हलतात. अशी शेकडो चित्रे घेऊन संगणकावर एकावर एक रचली, तर दीर्घिकेची लंबगोलाकृती चकती स्पष्ट होते. पुढे कधी ताऱ्यांमागे फिरणारी बैठक घ्यायचे ठरवले, तर ती १७ अंशांपर्यंत खाली झुकते का, हे आधी विचारावे. आपल्याकडे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम तेवढाच वर असतो, त्यामुळे उत्तरेला झाड किंवा इमारत नको.

कधीकाळी ८० मिलिमीटर व्यासाची, ४८० मिलिमीटर नाभीय अंतराची लहान अपवर्तक दुर्बीण वापरायला मिळाली, तर त्याच कॅमेऱ्याची चौकट २.८ × १.९ अंशांची होईल. देवयानी दीर्घिका तिच्यात आडवी पुरी मावत नाही, पण सेन्सरचा कर्ण ३.४ अंशांचा होत असल्याने कॅमेरा फिरवून ती तिरकी बसवली की येते. चौकट ठरवताना कर्ण वापरायला लोक विसरतात.

हिशेब बरोबर आहे का, याची खात्री स्टेलॅरियम या मोफत संगणक कार्यक्रमात करता येते. त्यात दुर्बिणीचे नाभीय अंतर आणि सेन्सरची मापे भरली की आकाशावर चौकट दिसते. काढलेले चित्र अॅस्ट्रोमेट्री डॉट नेट या संकेतस्थळावर चढवल्यास ते ताऱ्यांची ओळख पटवून चौकटीचा खरा कोन सांगते, आणि त्यावरून दुर्बिणीचे खरे नाभीय अंतर उलट काढता येते. छापील आकडा आणि हे अंतर यांत थोडा फरक पडतो. बार्लो लावल्यावर तर ही तपासणी करावीच.

मुलांच्या पालकांकडे मोबाइल असतातच, म्हणून तेही सांगतो. मोबाइल आयपीसला टेकवून काढलेल्या चित्रात आकाश आयपीसच्या दृष्टिक्षेत्राएवढेच येते, त्याहून जास्त कधीच नाही. २५ मिलिमीटरच्या आयपीसवर पूर्ण चंद्र आणि त्याच्याभोवती तेवढेच काळे आकाश, असे चित्र मिळेल. मोबाइल हातात न धरता आयपीसला घट्ट बसणाऱ्या पकडीत ठेवावा.

भुदरगडची ताई

चर्चा फार मोलाची झाली आहे. मॅडम, आपण तक्ता करणारच आहात, तर त्याबरोबर नकाशावरची वर्तुळेही करून घ्यावीत, कारण वस्तू दृष्टिक्षेत्रात मावणे आणि ती सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या ताऱ्यांच्या नकाशाचे प्रमाण पाहावे. समजा, १ अंशाला ८ मिलिमीटर असे असेल, तर मुख्य दुर्बिणीवर बसवलेल्या ६ × ३० च्या (६ पट विशालन, ३० मिलिमीटरचे भिंग) लहान शोधक दुर्बिणीचे साधारण ७ अंशांचे दृष्टिक्षेत्र नकाशावर ५६ मिलिमीटरचे वर्तुळ होते, आणि सव्वादोन इंची बांगडी आतून जवळजवळ एवढीच असते. मुली ती नकाशावर ठेवून एका ओळखीच्या ताऱ्यापासून पुढच्या ताऱ्यापर्यंत सरकवत नेतात आणि शोधक दुर्बिणीत नेमके तेच तारे दिसतात. २५ मिलिमीटरच्या आयपीसचे वर्तुळ याच नकाशावर ८ मिलिमीटरचे होईल. ते पारदर्शक प्लॅस्टिकच्या तुकड्यावर काढून ठेवावे. शोधक दुर्बिणीचे क्षेत्र मात्र छापील आकड्यावर न सोडता मिंटाकाने तपासावे. ७ अंशांना २८ मिनिटे लागतात, पण त्रिकांडाच्या दोन टोकांच्या ताऱ्यांमधले अंतर पावणेतीन अंशांचे आहे, त्याच्याशी ताडून पाहिले तरी कल्पना येते.

संपूर्ण कृत्तिका आणि संपूर्ण देवयानी दाखवण्यासाठी १० × ५० ची द्विनेत्री शेजारी ठेवावी. तिचे दृष्टिक्षेत्र साडेसहा अंशांच्या आसपास असते. आधी द्विनेत्रीतून सगळा विस्तार आणि मग दुर्बिणीतून दीर्घिकेचा तेजस्वी गाभा, असा क्रम ठेवला तर मुलांना प्रमाणाचे भान येते.

आणि मे महिन्यात, पावसाळी ढग येण्याआधी, आणखी एक कार्यक्रम ठेवावा अशी माझी सूचना आहे. नरतुरंगातील ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ ३६ कलांचा, म्हणजे चंद्राहूनही थोडा मोठा आहे आणि आपल्या २५ मिलिमीटरच्या ६१ कलांमध्ये तो अगदी योग्य जागा घेऊन बसतो. त्याची क्रांती उणे ४७.५ अंश असल्याने कोल्हापुरातून तो दक्षिणेला जास्तीत जास्त २६ अंश उंच येतो. उत्तर भारतातल्या शाळांना तो क्षितिजालगतच शोधावा लागतो. गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींचा उजेड शहरातून पाहताना नेमका दक्षिणेकडे येतो, म्हणून त्या दिवशी पन्हाळ्याऐवजी राधानगरीच्या बाजूची, शहर पाठीमागे ईशान्येला राहील अशी जागा निवडावी. अभयारण्याजवळ गव्यांचा वावर असतो, तेव्हा वनविभागाला विचारून गावालगतचे मैदानच घ्यावे.